पानाखालचा केस

माझ्या पाठीवर आजवर तेवीस डॉक्टर शिकलेत. फुशारकी मारत नाही, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. वर टेकडीवर कायरोप्रॅक्टरचं, म्हणजे हातांनी मणके बसवणाऱ्या डॉक्टरांचं, कॉलेज, खाली मिसिसिपी नदी, आणि मधल्या उतारावर आम्ही म्हातारी माणसं, घरातल्या रिकाम्या खोल्या विद्यार्थ्यांना देणारी. शेवटच्या वर्षाला या विद्यार्थ्यांना क्लिनिकसाठी आपले पेशंट आपणच शोधून आणावे लागतात. ठरलेली संख्या भरली नाही तर पदवी अडते. मग किराणा दुकानाच्या रांगेत पुढच्या माणसाचा खांदा कुठे झुकलाय ते बघत उभे राहतात, चर्चमधल्या कॉफीला न बोलावता येतात. जरा मान वाकडी करून दूध आणायला गेलं की तिघं जण पिशवी उचलायला धावतात. तेवढ्यासाठी मुद्दाम मान वाकडी करणाऱ्या बायका मला माहीत आहेत. मीही केली आहे.

पण मार्लीस खोली बघायला आली, तेव्हा मला वाटलं मुलासाठी विचारायला आली असेल. सेहेचाळीस वर्षांची बाई. शाळेच्या स्वयंपाकघरात मोठमोठी पातेली उचलून भक्कम झालेले दंड, आणि त्या दंडांना न शोभणारी लांब, पातळ बोटं.

"पोरगा कधी येणार राहायला?" मी विचारलं.

"पोरगा केव्हाच सुटला. तिकडे मिनेसोटात ट्रक चालवतो. शिकायचंय मला."

"या वयात?"

"मिसेस रोल्फ, तुम्ही खोली देताय की सल्ला?"

मी खोली दिली. सल्ला काय, नंतर देता आला असता आणि दिलाही.

नवरा गेल्यावर दोन वर्षं तिने संध्याकाळच्या वर्गात बसून रसायन आणि जीवशास्त्र पुरं केलं होतं. त्याशिवाय कॉलेज दारात उभं करत नाही. सोमवार ते शुक्रवार माझ्याकडे राहायची. शुक्रवारी संध्याकाळी चाळीस मैल गाडी हाकत वेल्स फोर्क नावाच्या गावाला बापाकडे जायची. त्याचे कपडे धुवायचे, आठवड्याचं जेवण डब्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवायचं, रविवारी त्याला चर्चला न्यायचं आणि रात्री परत. पुस्तकं गाडीच्या पुढच्या सीटवर. लाल सिग्नलला ती मज्जातंतूंची नावं पाठ करायची, मागचे हॉर्न मारायचे.

बाप म्हणजे डॉक क्लाउसेन. आर्नो क्लाउसेन. याच टेकडीवर शिकून गेलेला, आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकून बावन्न वर्षं आसपासच्या माणसांच्या पाठी सरळ करणारा. त्याने दवाखाना बंद केला त्याला दहा वर्षं झाली, तरी लोक अजून त्याच्या बोटांविषयी बोलत. कोटावरून नुसता हात फिरवून सांगायचा म्हणे, की काल तू गाडीखाली आडवा पडून काम केलंस.

मार्लीस अठराव्या वर्षापासून दहा वर्षं त्या दवाखान्याच्या बाहेरच्या टेबलावर बसली. नावं लिहायची, फोन घ्यायची. "आतला कडकन आवाज ऐकून मला कळायचं, मानेचा की कमरेचा, डावा की उजवा," ती मला सांगायची. "डॅड आतून हात पुसत बाहेर येईपर्यंत मी कागदावर लिहून ठेवलेलं असायचं. कधी चुकले नाही."

"मग तेव्हाच का नाही शिकलीस? या कॉलेजात बायका पहिल्यापासून आहेत. जिन्यातले फोटो बघ."

ती हातातली बशी पुसत राहिली. ती बशी आधीच कोरडी होती.

त्याचं कारण मला कळलं ते दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात. त्या आधी केसाचं सांगायला हवं. आमच्या गल्लीत ते पाळण्यातल्या पोराला ठाऊक असतं, पण बाहेरच्यांना नसतं. टेलिफोनच्या जाड पुस्तकात एक केस ठेवायचा, वर एक पान टाकायचं आणि डोळे मिटून बोटाने केस कुठे आहे ते सांगायचं. सापडला की आणखी एक पान. मग आणखी एक. कातडीखालचा मणका शोधायचा तर बोटांना अशी सवय लागते. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी माझ्याकडे केस मागायला येतात, कारण माझे पांढरे केस दोरीसारखे जाड आहेत आणि लवकर सापडतात. दुसऱ्या वर्षाचे माझ्याकडे ढुंकून बघत नाहीत. त्यांना लहान मुलांचे हवे असतात.

त्या दिवशी मार्लीस घरात आली ती कोट न काढताच खुर्चीवर बसली. बुटांवरचा बर्फ वितळून माझ्या पुसलेल्या फरशीवर ओघळत होता. मी बोलणार होते, पण तिचा चेहरा बघून आवरलं.

"विल्मा, आज हृस्का सरांनी वीस पानांची परीक्षा घेतली," ती म्हणाली. "सगळ्यांनी बोट ठेवलं. कुणी इथे, कुणी तिथे. मी म्हटलं, सर, मला नाही सापडत, इथे केस नाहीच. सगळे हसले. सरांनी पान उघडलं. केस नव्हता."

"म्हणजे तू एकटी पास झालीस! मग रडतेस काय अशी?"

मग तिने सगळं सांगितलं. सहासष्ट सालची गोष्ट. ती अठराची, भाऊ डॅरल वीसचा. दोघांनाही टेकडीवर जायचं होतं आणि पैसे एकापुरतेच होते. डॉक म्हणाला, ज्याची बोटं चांगली तो जाईल. रविवारच्या जेवणानंतर त्याने टेलिफोनचं पुस्तक मांडलं. दहा पानांपर्यंत दोघांनाही सापडला. पंधराला डॅरल अडखळला, ही नाही अडखळली. मग डॉकने दोघांना पाठ करून उभं केलं आणि वीस पानं टाकली. डॅरलने झटकन बोट ठेवलं, "हा इथे." हिने सगळं पान चाचपलं, पुन्हा चाचपलं, आणि म्हणाली, "डॅड, मला नाही सापडत."

"आणि तुझ्या बापाने पान उघडलं?"

"नाही. पुस्तक मिटलं आणि म्हणाले, डॅरल जाईल."

डॅरल गेला. शिकला. ॲरिझोनात उबेला जाऊन दवाखाना थाटला आणि नाताळला फोन करत राहिला. ही बाहेरच्या टेबलावर बसली. पुढची एकोणतीस वर्षं हिला वाटत राहिलं की आपली बोटं आंधळी आहेत.

"अगं, मग विचार ना त्यांना! त्या दिवशी केस होता की नव्हता?"

"विचारलं तर म्हणतील, आठवत नाही. मग मी कुठे जाऊ?" तिने नाक पुसलं. "मला त्यांनी काही बोलायला नकोय, विल्मा. त्यांनी फक्त एकदा माझ्या टेबलावर आडवं पडावं. माझ्या हाताखाली. बस्स."

मला त्या बापाचा इतका राग आला की मी त्याच्यासाठी काढून ठेवलेला जॅम परत कपाटात ठेवला.

शेवटचं वर्ष आलं. मार्लीसला पेशंट शोधायला कुठे जावंच लागलं नाही. शाळेतली स्वयंपाकीण, बसचे ड्रायव्हर, वेल्स फोर्कचे म्हातारे, सगळे रांगेत. माझी पाठ तर पहिल्या दिवशीच तिने घेतली. मी तेवीस जणांच्या हाताखालून गेलेली बाई, मला हात कळतो. बहुतेक पोरं धसमुसळी असतात, आवाज आला की खूश. हिचा हात येऊन थांबायचा. विचारल्यासारखा थांबायचा, आणि मगच काय ते करायचा. टेबलावरून उठताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वय झालं म्हणून, दुसरं काही नाही.

यादीतली सगळी नावं भरली, एक सोडून. ती शेवटची ओळ तिने रिकामी ठेवली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या शुक्रवारी यादी बंद होणार होती.

"माझ्या बहिणीची कंबर दुखते, तिला आणते," मी म्हटलं.

"ती ओळ डॅडची आहे."

"आणि नाही आले तर? साडेतीन वर्षं पाण्यात घालवशील?"

"येतील."

डॉक कुणाच्या हाताखाली जात नसे, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. एमिल नावाचा त्याचा एक जुना वर्गमित्र होता. दर दुसऱ्या शुक्रवारी दोघं एकमेकांची मान बघायचे आणि मग पत्ते कुटायचे. एमिल वारला त्याला सहा वर्षं झाली, तेव्हापासून डॉकच्या मानेला कुणाचं बोट लागलं नव्हतं. आणि त्या उन्हाळ्यापासून मान तिरकी झाली होती. मार्लीस दर रविवारी विचारायची. तो दर रविवारी म्हणायचा, "झोपताना आखडली. होईल बरी."

सप्टेंबरात एका रविवारी मीच तिच्याबरोबर गेले. जॅम घेतला नाही. ॲपल पाय मात्र भाजला होता, रिकाम्या हाताने जायची आमच्याकडे पद्धत नाही. डॉक खुर्चीत बसलेला, उंच, वाळलेला, मान डावीकडे कललेली. हॅमचे काप वाढून झाल्यावर मी माझी खुर्ची त्याच्यापुढे पाठ करून ठेवली आणि बसले.

"डॉक, माझी पाठ बघा."

"बाई, मी बंद केलंय ते."

"पैसे कोण देतंय? बघा. तुमच्या लेकीने केलीय."

मार्लीस स्वयंपाकघरात बटाटे कुस्करत होती. तिचा हात थांबल्याचं मला ऐकू आलं. मग दोन बोटं माझ्या स्वेटरवरून मानेपासून खाली निघाली. इतकी हळू, की स्वेटरची वीणही हलली नसेल. मध्यावर एका जागी थांबली. मागे गेली, पुन्हा आली.

"इथे हात लावला नाही तिने," डॉक म्हणाला.

"गरज नव्हती," आतून मार्लीस म्हणाली. "तो वरच्या मणक्यामुळे दुखत होता. वरचा बसला की तो आपोआप सुटणार होता. सुटला की नाही?"

डॉकची बोटं माझ्या पाठीवर तशीच होती. त्याने एक शब्द उच्चारला असता तर मी त्याला अख्खा ॲपल पाय देऊन आले असते.

"बटाट्यात मीठ घातलंस का?" तो म्हणाला.

परत येताना मार्लीस म्हणाली, "त्यांनी पुन्हा मागे जाऊन बघितलं ना? सांग ना, किती वेळ बघितलं?" मी सांगितलं. तिने मला ते तीनदा सांगायला लावलं. एकोणपन्नास वर्षांची बाई, गाडी चालवता चालवता शाळकरी पोरीसारखी विचारत होती. मला तिची दया आली, आणि हेवाही वाटला. माझ्या बापाकडून मला असं काही हवं होतं की नव्हतं, हेच मला आठवत नाही.

यादी बंद व्हायच्या आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी सहाला फोन वाजला. मी उचलला. "तिला म्हणावं, येऊन घेऊन जा," एवढंच बोलून डॉकने फोन ठेवला.

आम्ही दोघी गेलो. तो दारात हॅट घालून उभा होता. गाडीत बसताना त्याने दोन्ही हातांनी डोकं धरलं, काही सांडू नये तसं. चाळीस मैल मार्लीस आरशात दर मिनिटाला त्याच्याकडे बघत होती आणि तिच्या गालांवर लाली चढली होती. तिचा दिवस होता तो.

क्लिनिकच्या खोलीत डॉक म्हणाला, "या बाईला बसू दे इथेच. हिची पाठ मी बघितलीय." म्हणून मला तिथे राहता आलं. दाराशी हृस्का सर उभे होते. त्यांच्या होकाराशिवाय विद्यार्थ्याला काही करता येत नाही. तेही डॉकला बघून जरा ताठ उभे राहिले.

मार्लीसने पांढरा कोट घातला, हात धुतले, आणि इतर कुणालाही विचारते तसे प्रश्न विचारले. रात्री दुखतं का? दुखतं. पडून राहिलं की कमी होतं का? नाही, वाढतं. वजन? डॉक शर्टाची बटणं सोडायला लागला. तिने त्याच्या पट्ट्याकडे बघितलं. पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोकं होती.

"चल, पुरे झाली चौकशी," तो म्हणाला आणि शर्ट काढून टेबलावर पालथा झाला. स्वतःहून.

मार्लीसने डोळे मिटले आणि बोटं त्याच्या मानेवर ठेवली. किती वर्षं वाट बघितली होती त्या बोटांनी. ती खाली सरकली. एक मणका, दुसरा, तिसरा. मग एका जागी थांबली. तिने तिथे हलकेच दाबलं आणि डॉकने दातांतून श्वास ओढला. ती पुन्हा वर गेली, पुन्हा त्याच जागी आली. तिच्या चेहऱ्यावरची लाली उतरताना मी बघितली.

तिने दोन्ही हात उचलले आणि मागे घेतले.

"डॅड, मी हे करणार नाही. आधी एक्स-रे फोटो काढायचा. आज, आत्ता. हॉस्पिटलात."

"मान आखडलीय नुसती. बसव."

"नाही."

"तुला येत नाही का?"

"येतं. तरी नाही."

"डॅरलने एव्हाना बसवून मला घरी पाठवलं असतं."

हे ऐकून मी उठलेच होते. हृस्का सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला खाली बसवलं. मार्लीसचे शब्द सरळ येत होते. "हो, डॅरलने बसवली असती. मला माहीत आहे. मलाही बसवायची होती डॅड, आजच्या दिवसासाठी मी साडेतीन वर्षं इथे राहिलेय. पण तिथे हाड हाडासारखं लागत नाहीये. मी हात लावणार नाही."

डॉकचं तोंड टेबलाच्या खाचेत होतं. त्यामुळे त्याचा आवाज खालून, फरशीवरून आल्यासारखा आला.

"त्या दिवशी केस नव्हता."

हृस्का सरांनी माझ्या खांद्यावरचा हात काढला.

"मी ठेवलाच नव्हता," तो म्हणाला. "तू बरोबर होतीस."

मार्लीसने टेबलाची कड धरली. "मग?"

"तुझी आई आजारी होती. तू गेली असतीस तर घर कुणी बघितलं असतं? डॅरलने तर कप विसळला नसता. मला वाटलं, कोऱ्या पानावर दोघंही कुठेतरी बोट ठेवतील, दोघंही चुकतील, मग मोठा म्हणून त्याला पाठवता येईल. तू नाही म्हणालीस. मी पुस्तक मिटलं."

"एकतीस वर्षं, डॅड."

"हो."

"मला वाटत होतं माझी बोटं आंधळी आहेत. बशी पुसताना वाटायचं. पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघताना वाटायचं, आपल्याला काय कळणार."

"हो," तो पुन्हा म्हणाला. माफी मागायची त्याला कधी सवयच नव्हती. मग म्हणाला, "या जागेवर माझाही हात रोज जातो. जूनपासून. मला कळत होतं तिथे काय आहे. तुला कळतं का ते बघायचं होतं." आणि थोड्या वेळाने, अगदी हळू, "हात ठेव जरा. काही करू नकोस. नुसता ठेव."

मार्लीसने हात ठेवला. हृस्का सरांनी यादीच्या शेवटच्या ओळीत नाव लिहून सही केली. तपासून नको म्हणणं हेही डॉक्टरचंच काम, असं काहीतरी पुटपुटले. मग मला दंडाला धरून बाहेर नेलं आणि दार लावून घेतलं.

फोटोत तेच निघालं. हाड कॅन्सरने आतून खाल्लेलं होतं, आणि तो सुरू झाला होता दुसरीकडेच. त्या मानेला एक झटका बसला असता तर डॉक टेबलावरून उठला नसता, असं हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं. मार्लीसला पदवी मिळाली तेव्हा तो चाकांच्या खुर्चीत, गळ्यात पट्टा बांधून पहिल्या रांगेत होता. डॅरल ॲरिझोनाहून आला होता आणि ज्याला त्याला सांगत होता की बोटं आमच्या घराण्यातच आहेत. मी त्याला ॲपल पाय वाढला नाही.

वसंतात लायलॅकची झुडपं फुलली तेव्हा डॉक गेला. मार्लीसने पुढची खोली झाडून पुसून उघडली, बापाचंच टेबल, नवी गादी. वेल्स फोर्कमधल्या जवळजवळ प्रत्येक माणसाची मान आता तिच्या हाताखालून गेली आहे. बाहेरच्या टेबलावर ती कुणालाच बसवत नाही. फोन वाजला तर वाजू देते.

गेल्या महिन्यात मी गेले होते पाठ दाखवायला. माझं झाल्यावर ती हात पुसत खिडकीशी उभी राहिली.

"तो सगळा हिवाळा मी रोज संध्याकाळी त्यांच्या मानेवर हात ठेवून बसायचे," ती म्हणाली. "ते झोपायचे. खरं तर तेवढं पुरायला हवं ना, विल्मा?"

"नाही पुरलं?"

"दहा वर्षं मी त्या दाराबाहेर बसून आतला तो कडकन आवाज ऐकला. मला तो एकदा आत उभं राहून ऐकायचा होता. त्यांच्या मानेचा. माझ्या हाताने." तिने टॉवेलची घडी घातली. "तेवढा राहिला."

मग तिने दार उघडून पुढच्या पेशंटला आत बोलावलं.